बाबाने वेळेआधी पाडलेला पडदा

बाबा, तुझ्यावर व्याख्यान ठेवलंय. खरंच, थट्टा नाही करत. ज्या हॉलमध्ये तू जन्मभर पडद्याची दोरी ओढलीस, तिथेच. यंदा विद्यापीठाने कला महोत्सव आपल्या कॉलेजकडे दिलाय. चित्रांचं प्रदर्शन आहे, एकांकिका आहेत, वक्तृत्व स्पर्धा आहे आणि सगळ्यांच्या आधी उद्घाटनाचं व्याख्यान. विषय, 'विंगेतला माणूस'. तो माणूस म्हणजे तू, कॉलेजचा शिपाई. आणि बोलणार कोण? वरोर गावची ती, तुझी लाडकी! नाटकात आता मोठं नाव आहे तिचं. मी आता इथेच शिकवते आणि सांस्कृतिक विभाग माझ्याकडे, म्हणजे तिला शाल-श्रीफळ मी द्यायचं, माझ्या बापाबद्दल ती बोलणार आणि मी पहिल्या रांगेत बसून टाळ्या वाजवायच्या. माझा नुसता जळफळाट होतोय, बाबा. या वयात शोभत नाही, मला कळतं. पण होतोय.

तुला आठवत असेल ती. कोळ्याची पोर, वरोरहून पहिल्या एस्टीने यायची आणि वर्ग भरायच्या आधी हॉलच्या मागच्या पायरीवर तुझ्यासमोर उभी राहून भाषण म्हणायची. तू बाकं पुसत ऐकायचास. एक शब्द चुकला की फडकं थांबायचं. "ए पोरी, मघाशी 'म्हणूनच' म्हणालीस, आता नुसतं 'म्हणून'?" सातवी शिकलेला माणूस तू, पण एकेका पोरीचं भाषण तुला तिच्यापेक्षा जास्त पाठ. मग स्पर्धेच्या दिवशी एका हातात दोरी धरून तू विंगेत उभा, आणि कुणी अडखळलं की तिथून हळूच पुढचा शब्द यायचा. समोरच्यांना पत्ता लागत नसे. सगळ्या पोरी तुला मामा म्हणायच्या. मी कॉलेजात तुला काहीच म्हणायची नाही. समोरून आलास की वहीत बघत निघून जायची.

ती तुला वर्तमानपत्रात बांधून सुके बोंबील आणायची. आई ते भाजायला घ्यायची आणि घरभर वास सुटायचा. मी म्हणायची, मला डाळभातच दे. आई विचारायची, "काय गं, बोंबलांनी तुझं काय घोडं मारलंय?" तू ताटावरून मान वर न करता म्हणायचास, "खूप गुणी पोर आहे." घास तोंडात तसाच राहायचा माझ्या. मला कधी गुणी म्हणालास? मला म्हणायचास, पंखा बंद कर, दार लोटून घे.

म्हणून त्या वर्षी मी वक्तृत्व स्पर्धेत नाव दिलं. विषयाशी मला काही देणंघेणं नव्हतं, तिला हरवायचं होतं. तुला काही सांगितलं नाही, यादी फळ्यावर लागली तेव्हा तुला कळलं. आपल्या आशागडच्या घरामागे चिकूच्या झाडाला मी भाषण ऐकवायची, आणि तुझी सायकल वाजली की गप्प. एकदा तू मागच्या दारात येऊन म्हणालास, "मला म्हणून दाखव की." मी म्हटलं, "तुला काय कळतंय त्यातलं?" तू बरं म्हणालास आणि पाय धुवायला गेलास.

स्पर्धेचा दिवस. मी स्टेजवर उभी आहे. हॉल भरलेला आहे. सात मिनिटं आहेत आणि सुरुवात झकास झालीय, लोक ऐकतायत. चौथ्या मिनिटाला मी थांबते. सगळ्यांना वाटतं, पोर मुद्दाम थांबली, काय ठसका आहे! पण माझ्या डोक्यात काही म्हणजे काही नाही. बोटं ओढणीचं टोक पिळतायत. मी विंगेकडे बघते. तू तिथे आहेस, दोरी तुझ्या हातात आहे आणि तुझे ओठ मिटलेले आहेत. सगळ्या जगाच्या पोरींना शब्द देणारा माझा बाप माझ्याकडे नुसता बघतोय. मग तुझी नजर माझ्या बोटांवर जाते आणि पडदा पडतो.

प्राचार्य तणतणत आत आले. "घंटा कुठे झाली होती? डोळे फुटले का तुझे?" सगळ्या पोरांसमोर. तू मान खाली घालून म्हणालास, "साहेब, मला वाटलं वेळ झाली. चूक माझी." मी रडत होते आणि बघणाऱ्या प्रत्येकाला सांगत होते, बघा, दुसऱ्यांच्या पोरींना सांभाळतो आणि माझा पडदा पाडला. बक्षीस तिला मिळालं. घरी जाताना मी कॅरिअरवर तोंड फिरवून बसले होते. रेल्वे फाटकाशी सायकल थांबली तेव्हा तू मागे न बघता म्हणालास, "पुढच्या वेळी मला आधी ऐकव." पुढची वेळ मी येऊच दिली नाही. वर्गात शिकवते, तास गाजवते म्हणतात, पण त्या स्टेजवर पुन्हा चढले नाही. कारण विचारलं की तोच किस्सा सांगते.

तो किस्सा आता तिच्या व्याख्यानात आलाय. तिने गोषवारा पाठवलाय, त्यात लिहिलंय की लोकांनी बोट दाखवू नये म्हणून मामांनी स्वतःच्या मुलीचाच पडदा वेळेआधी पाडला, इतका निःपक्षपाती माणूस! वाचून माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मनात तिला म्हटलं, माझा बाप घेतलास, आता माझं रडणंही घेतेस? मी ते वाक्य खोडलं. तिची चाळीस मिनिटं होती, त्याची वीस केली. विद्यार्थी प्रतिनिधी वेवजी गावची आहे, चुणचुणीत मुलगी. ती कार्यक्रमांची यादी न्यायला आली आणि म्हणाली, "मॅडम, आजच अपलोड करायचीय. वीस मिनिटं कमी नाही होणार? आणि गोषवाऱ्यातला तो पडद्याचा किस्सा खरा आहे ना? आम्हाला तोच सगळ्यात आवडला."

मी तोंड उघडलं आणि माझ्या तोंडून हो निघेना. तिला म्हटलं, तासाभराने ये. मग एकटीच हॉलमध्ये जाऊन बसले. तू गेल्यावर पडदा बटणावर आला, दोरी काढून टाकलीय. विंगेत तू उभा राहायचास तिथे खुर्च्या रचून ठेवल्यात. बसल्या बसल्या मला इतक्या वर्षांनी सरळ दिसलं. तू शब्द कुठून देणार होतास? माझं भाषण तुला माहीतच नव्हतं. चिकूच्या झाडाला माहीत होतं. तुझ्या हातात नुसती दोरी होती, तर तू मला दोरीने सांभाळलंस.

यादी दुरुस्त करून दिलीय. चाळीस मिनिटं तिला परत, ते वाक्यही परत. तिच्यानंतर एक नाव वाढवलंय, माझं. सात मिनिटं. चौथ्या मिनिटाला मी भाषण विसरले होते, हे त्यात सांगायचंय. हे आजवर कुणाला सांगितलेलं नाही, आईलासुद्धा नाही. आणि तिच्याबद्दल म्हणशील, तर मन साफ झालं असं समजू नकोस. त्या बोंबलांचा वास अजून माझ्या नाकात आहे.

हे पत्र कुठे टाकायचं नाही. व्याख्यानाला अजून आठ दिवस आहेत. तू म्हणाला होतास ना, म्हणून आधी तुला ऐकवलं.