वीसपर्यंत मोज

४ मार्च १९८८, रोम
नवी नोकरी लागली एकदाची! तेर्नीहून पहाटेच्या गाडीने आले आणि दहाला माइकसमोर उभी होते. स्टुडिओचे मालक मारिस्काल्की, त्यांना सगळे मानाने दोत्तोरे म्हणतात. माणूस गमत्या आहे. मला बघताच म्हणाले, या एर्सिलियाबाई, आमच्या मुडद्यांना कंठ फुटायची वेळ झाली. नऊ वर्षांपूर्वी त्यांनीच काढलेला मुडद्यांचा सिनेमा ईस्टरला व्हिडिओ कॅसेटवर यायचाय. आवाजाची जुनी पट्टी सडलीय, म्हणून कण्हणं-गुरगुरणं सगळं मी नव्याने द्यायचं. काम आवडलं तर कायमची नेमणूक. चौदा वर्षं दुसऱ्यांच्या तोंडात आवाज भरतेय, एवढं सहज जमेल.

५ मार्च
हसून हसून पोट दुखलं. शूटिंगला आवाज घेतच नाहीत आमच्याकडे, तो मागून भरायचा. मग गावातून धरून आणलेल्या मुडद्यांना संवाद कशाला द्या? त्यांना सांगायचं, आकडे मोजा, तोंड हललं की झालं. ओठ वाचायची मला सवयच. अर्धा गाल सडलेला एक जण आतडी चघळत सात, आठ म्हणतोय. दुसरा मध्येच शेजारच्याला विचारतो, जेवायला काय आहे रे? त्यावर मी असं काही गुरगुरले की दोत्तोरेंनी टाळ्या वाजवल्या.

७ मार्च
आज थडग्याचा प्रसंग. एक बाई गळ्यापर्यंत मातीत, वरून आणखी माती पडतेय. ती नीट वीसपर्यंत मोजते. मग ओठ म्हणतात : झाले वीस. काढा ना आता. दोत्तोरे, श्वास घेता येत नाही—
कॅमेरा हलत नाही. पूर्ण चाळीस सेकंद.
दोत्तोरेंना विचारलं. म्हणाले, ती सिल्वाना, गावातली पाववाली. मुळातच नाटकी. वीस झाले की काढतो म्हणालो होतो, पण चेहरा असा काही रंगला की थांबवतो कोण? मग गेलीच बिचारी. हृदय कमजोर होतं, डॉक्टरांनी तसं लिहून दिलंय. मेलेल्यांचे ओठ वाचून पोट भरतं का गं तुझं? असं म्हणत त्यांनी नेमणुकीचं पत्र पुढे सरकवलं.
मी तिच्या शब्दांवर कण्हणं भरलं. पत्रावर सही केली. लाज वाटते लिहायला.

९ मार्च
खोकला. रुमालावर मातीचे कण.
तीच कॅसेट पुन्हा लावली. सिल्वानाचा एक हात मातीबाहेर आहे. परवा नव्हता. नक्की नव्हता.

१० मार्च
पडद्यावरचा खड्डा रिकामा.
दोत्तोरे आले नाहीत. त्यांच्या खुर्चीत ओली माती, मातीत चष्मा.

११ मार्च
खड्ड्यात दोत्तोरे आहेत. तेच. त्यांचे वीस कधीच झालेत. ओठ म्हणतात : एर्सिलिया, ऐकतेस ना? सांग कुणाला तरी. काढ मला.
काठावर सिल्वाना उभी, पाठमोरी, हातात फावडं.
मला बरं वाटलं. खोटं कशाला लिहू, फार बरं वाटलं. माइक ओढला आणि त्यांच्या तोंडात लांबलचक कण्हणं भरलं. भोग म्हणावं आता.

१२ मार्च
त्यांच्या शेजारी दुसरा खड्डा. ताजा.
सिल्वाना आता माझ्याकडे बघतेय. ओठ म्हणाले : माझं तोंड दोघांनी बंद केलं. त्याने आणि तू.
तिचे शब्द देते. आत्ता देते. सगळ्या कॅसेटवर—

दिले. ‘श्वास घेता येत नाही’ म्हणाले. हेडफोनमध्ये नुसतं कण्हणं. पुन्हा म्हणाले. पुन्हा कण्हणंच. माझ्या गळ्यातून शब्द येत नाही. दातांत माती—

पडद्यावर मी आहे. गळ्यापर्यंत. तिने सांगितलं, मोज. वीस झाले की काढते.
पडद्यावरचे ओठ माझेच. पंधरा. सोळा. इथे हात जड झालाय. सतरा
अठरा. काढेल ना ती? मी तिला—
एकोणीस
वी