उघडे फाटक आणि सुलेखाची सीट

मी, श्रीराम त्र्यंबक देवपुजारी, मूळचा नागपूरचा, हल्ली राहणार फ्रिस्को, टेक्सास, वय एक्याऐंशी, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीत, सकाळचा चहा झाल्यावर, कोणाच्याही दडपणाविना लिहीत आहे. याआधीचे रद्द समजावे.

१. घर व बँकेतील शिल्लक मुलगी आसावरी हिला. मागच्या अंगणातला कढीपत्ता थंडीत आत घ्यावा. मी नाही म्हणून त्याला थंडी कमी वाजणार नाही.

२. माझी शाळेची मराठीची पुस्तके नात इला हिला. तिला त्यातल्या कविता वाचता येत नाहीत, पण माझ्या तोंडून ऐकल्या आहेत. समासातली पेन्सिलीची चित्रे माझी, खोडू नयेत.

३. इथल्या हायस्कूलच्या अमेरिकन फुटबॉलच्या, म्हणजे चेंडू हातात घेऊन पळायच्या खेळाच्या, स्टेडियममधील शेजारशेजारच्या दोन सीटांचा हक्क माझ्या नावे आहे. हंगामाची तिकिटे घेतली नाहीत तर तो जातो. एक सीट माझी, दुसरी माझी दिवंगत पत्नी सुलेखा हिची. ती गेल्यावर आसावरी म्हणाली, "बाबा, दुसरं तिकीट कॅन्सल करू या ना." मी केले नाही. तिथे माझी छत्री बसते.

सुलेखाला या खेळातला एकच डाव कळायचा. त्याला ती उघडे फाटक म्हणे. चेंडूसमोर भिंत करणारे धिप्पाड गडी आमचा संघ कधीकधी मैदानाच्या एका कडेला नेतो. चेंडूपाशी दोघेच उरतात. अडवायचे कोणाला, हे समोरच्यांना कळेनासे होते आणि सगळे स्टेडियम पुढे झुकते. शाळेत कविता म्हणताना मी यमकाआधी मुद्दाम थांबत असे, तेव्हा सगळा वर्ग असाच पुढे झुके. फाटक उघडले की सुलेखा उभी राहायची.

४. हा डाव खरोखर चालतो का, हा वाद अजून मिटलेला नाही. आमच्या मागे बसणारा मित्र पुरुषोत्तम बोरकर म्हणतो, "श्रीराम, तमाशा आहे रे हा. एकदा कळला की संपला." इला आकडे काढते. "आजोबा, इट्स अ गिमिक. साध्या डावापेक्षा जास्त यार्ड पुढे जाताच येत नाही." मान्य. पण समोरचा संघ आठवडाभर त्याचीच तयारी करून येतो आणि आमचे गडी ऐन वेळी गुपचूप मूळ जागी परततात. तो वाया गेलेला आठवडा तुझ्या आकड्यांत कुठे आहे, इला? माझे मत: चालतो. रोज काढला तर नाही.

५. माझी सीट इलाला. सुलेखाची पुरुषोत्तमला.

यात वकीलबाईंनी अडचण काढली: ज्याला काही मिळते त्याने साक्षीदार होऊ नये. पुरुषोत्तमला फोन केला. म्हणाला, "मग साक्षीदारच ठेव मला. वहिनींच्या जागेवर मी कसा बसू?" कोणी घेतली नाही तर ती सीट परक्याला जाईल, असे मी म्हटल्यावर "सहीच्या दिवशी सांगतो" म्हणाला. म्हणून त्याचे नाव दोन्हीकडे ठेवले आहे. सहीला येईल तेव्हा त्याने एक खोडावे. दोन्हींत माझा राग नाही.

हे सर्व मी वाचून, समजून सही केली.

श्रीराम त्र्यं. देवपुजारी
फ्रिस्को, टेक्सास
१४ ऑगस्ट २०२५

साक्षीदार:
१. पुरुषोत्तम बोरकर (हे नाव मी स्वतः खोडले आहे. डावाबद्दलचे मत तेच. पु. बो.)
त्यांच्याऐवजी: रत्ना केळापुरे, शेजारी
२. अमन केळापुरे, शेजारी