लाइट असताना बंद केलेला सिनेमा

मॅडम, आज सुट्टी आहे आणि जेवण झाल्यापासून मी खाटेवर आडवी पडून मोबाइलवर बघत बसलेय. धडगावातली दुपार तुम्हाला माहीत आहे. जीपगाड्या स्टँडवर उभ्या राहतात, ड्रायव्हर आतच पाय वर करून झोपतात, आणि समोरचा डोंगर उन्हात इतका फिकट होतो की कुणी तो कापडावर रंगवून टांगलाय असं वाटतं. अशा वेळी मी काहीही बघते. सध्या एका थंड गावातल्या पोलीसबाईची मालिका चालू आहे. खून कुणी केला यात मला फारसा रस नाही. मला ती बाई घरी येऊन बूट न काढता, दिवा न लावता पाणी पिते ते आवडतं. तिच्या मागून रस्त्यानं कुणी पिशवी घेऊन चाललेलं असतं, मी त्या माणसाकडे बघत राहते. तो कुठे चाललाय, त्याच्या घरी कोण आहे. मग डोळा लागतो. जाग येते तेव्हा मालिका दोन भाग पुढे गेलेली असते, कुणीतरी मेलेलं असतं, कुणाचं तरी लग्न मोडलेलं असतं. मी मागे जात नाही. मधलं काय झालं असेल ते माझं मीच ठरवते. ही सवय तुमची.

आश्रमशाळेत तो टीव्ही आला तेव्हा मी पाचवीत होते. तुमच्या भावानं सारंगखेड्याच्या घरी नवा घेतला आणि जुना तुम्ही गोधडीत गुंडाळून, जीपमध्ये मांडीवर घेऊन घाट चढून आलात. सोबत सीडीचा डबा. तुम्ही आमच्या वसतिगृहाच्या मॅडम आणि मराठीही तुम्हीच शिकवायच्या. आम्ही पोरी डोंगरातल्या, घरी आमची बोली बोलणाऱ्या; पुस्तकातली मराठी आमच्या तोंडात खड्यासारखी लागायची. रविवारी सगळ्यांच्या अंघोळी झाल्या की तुम्ही खिडक्यांना घोंगड्या लावायला सांगायच्या. घोंगडीच्या भोकांतून उन्हाचे बारीक ठिपके यायचे आणि पुढच्या पोरीच्या ओल्या केसांवर थरथरायचे. त्या अंधारात मी पहिल्यांदा समुद्र पाहिला. एवढं पाणी असून कुणीच हंडा घेऊन का जात नाही, असं मी तुम्हाला विचारलं होतं, आणि तुम्ही इतक्या हसलात की खोकला लागला. सिनेमे आठवतात ते आता एकमेकांत मिसळून. एकीची साडी दुसरीच्या अंगावर असते, एका सिनेमातला पाऊस दुसऱ्याच सिनेमातल्या गाडीवर पडतो.

आणि तीनला लाइट जायची. दर रविवारी, न चुकता. सिनेमाचा शेवट आम्ही कधी पाहिलाच नाही. पहिल्या वेळी पोरी रडायला लागल्या तेव्हा तुम्ही घोंगड्या काढायला लावल्या आणि म्हणालात, "बरं, आता पुढचं तुम्ही सांगा. मराठीत सांगायचं." तेव्हापासून तोच नियम झाला. एकेक पोर उभी राहायची आणि शेवट सांगायची. कुणी नायकाला शेतात धाडायची, कुणी सगळ्यांना होळीला घरी आणायची. एकीनं तर चोराला आमच्याच शाळेत स्वयंपाकाला ठेवलं. बरोबर-चूक तुम्ही कधी सांगितलं नाही. "माले तरी कोठे माहीत शे?" असं म्हणायच्या. वर्गात तुमची मराठी इस्त्री केलेली असायची, पण हसताना आणि रागावताना तुम्ही अहिराणीत यायच्या, आणि आम्हाला ती तुमची खरी भाषा वाटायची. मी शेवट सांगायला सगळ्यांत पुढे. मराठी मला पुस्तकातून आली नाही, मॅडम. न पाहिलेले शेवट सांगता सांगता आली.

सहावीतल्या हिवाळ्यातला तो रविवार. आई-बाप ऊसतोडीला गुजरातेत गेलेले, माझ्यासारख्या निम्म्या पोरींचे गेलेलेच होते. सकाळी शाळेच्या फाटकाशी जीप थांबलेली मी पाहिली. ड्रायव्हर तुमच्याशी खाली मान घालून बोलत होता. मी केस पिळत होते, मला त्याचं काय. त्या दिवशी तुम्ही म्हणालात, "आज सिनेमा नको." पोरींनी गिल्ला केला. शेवटी तुम्ही डबा आमच्यापुढे ठेवलात आणि पोरींनी हाताला लागेल ती सीडी काढली. तुम्ही तिच्याकडे बघून म्हणालात, "हा मी लग्नाआधी शहाद्याच्या टॉकीजला पाहिलाय. दुसरा घ्या." पण आम्ही ऐकलं नाही.

त्यात एक आई होती आणि तिची माझ्याएवढी मुलगी. आई आजारी पडते. हिरव्या पडद्याचा दवाखाना, बाहेर बाकावर ती मुलगी, पाय जमिनीला न टेकणारे. तीन वाजले आणि लाइट गेली नाही. आम्ही एकमेकींकडे बघत होतो, आज शेवट दिसणार! कुणी श्वास घेत नव्हतं. आणि तुम्ही उठलात आणि वायर ओढली.

"मॅडम, लाइट तर आहे!" मीच ओरडले.

"पुरे आता."

"पण लाइट आहे ना!"

तुम्ही वायर हातात धरून भिंतीशी उभ्या होता. मग मीच उभी राहिले. कुणी सांगितलं नव्हतं. मी म्हटलं, आईला जाग येते. ती डोळे उघडते, मुलीला जवळ बोलावते आणि विचारते, तू जेवलीस का? मुलगी म्हणते, नाही. मग आई उठून बसते. पोरींनी टाळ्या वाजवल्या. तुम्ही वायर खाली ठेवलीत. बाहेर नळाशी गेलात आणि बराच वेळ पाण्याचा आवाज येत राहिला.

सोमवारी मामा आला. आईला तिकडे फडावरच ताप चढला होता आणि शुक्रवारी ती गेली होती. बाप तिचं सगळं तिकडेच उरकून येत होता. मी कपडे भरत होते तेव्हा स्वयंपाकाच्या मावशीनं मला कुशीत घेतलं आणि रडता रडता बोलून गेली, "मॅडमला कालच सकाळी कळलं गं, त्यांना बी घास गिळला नाही." मी तशीच उठून तुमच्या खोलीत आले. मामा दारात होता, चार-पाच पोरी होत्या.

"तुम्हाला काल माहीत होतं?"

तुम्ही म्हणालात, "हो."

मामा मध्ये पडला, मीच जीपवाल्याबरोबर निरोप दिला होता, मी येईपर्यंत पोरीला सांगू नका म्हणून. तुम्ही त्याला हातानं थांबवलंत. माझ्याजवळ वाकलात आणि म्हणालात, "आठे ये, बठ." मी बसले नाही. तुमचा हात झटकून मी जीपमध्ये जाऊन बसले.

परत आल्यावर मी तुमच्याशी वर्षभर बोलले नाही. हजेरीला हात वर करायचे, तोंड उघडायचे नाही. रविवारी मागे बसायचे. मला एवढंच कळत होतं की माझी आई मेलेली असताना तुम्ही मला सगळ्यांसमोर तिला उठवून बसवू दिलंत, आणि गप्प राहिलात. पुढे कधी बोलायला लागले ते आठवत नाही. राग गेला नव्हता, रोजचं काम बोलल्याशिवाय भागत नव्हतं. दहावीच्या परीक्षेला तुम्ही दशम्या बांधून शहाद्याला आलात. निंबाखाली बसून आपण दोघींनी खाल्ल्या. तुम्ही पेपरचं विचारलं, मी पेपरचं सांगितलं. तुमच्या ओठांशी काहीतरी येऊन थांबलं होतं, असं मला आता वाटतं. तेव्हा मी घास मोजल्यासारखे खात होते आणि घंटेची वाट बघत होते.

मोठी झाल्यावर मी माझीच समजूत घातली. सिनेमातली आई शेवटी मरत असणार. तुम्हाला ते माहीत होतं, म्हणून तुम्ही वायर ओढलीत. माझ्या डोळ्यांसमोर ते यायला नको म्हणून. या समजुतीवर मी तुम्हाला माफ केलं. पोटात राग होता त्या जागी हळूहळू ही गोष्ट बसली आणि मला बरं वाटायला लागलं.

मागच्या आठवड्यात तो सिनेमा मोबाइलवर आपणहून पुढे आला. नाव मी विसरले होते, पण तो हिरवा पडदा दिसला आणि ओळख पटली. दुपारच होती. मी उठून दार लावलं. त्या बाकापर्यंत आले आणि बोटानं थांबवलं, पुन्हा सुरू केलं, पुन्हा थांबवलं. मरण बघायची मी तयारी केली होती. मुलगी आत जाते. आईची बोटं चादरीवर हलतात. आई डोळे उघडते. मुलीच्या गालाला हात लावते आणि म्हणते, काही खाल्लंस का गं?

ती मरत नाही, मॅडम. ती उठून बसते. पुढे पाच-सात मिनिटं सगळं छान आहे, सगळे अंगणात आहेत, आई भाजी निवडतेय आणि ऊन पडलंय.

मी मोबाइल छातीवर पालथा ठेवून पडून राहिले. आढ्याकडे बघताना मला ती आपली खोली दिसत होती, ओले केस, उन्हाचे ठिपके, आणि भिंतीशी तुम्ही. मरण माझ्यापासून लपवायला तुम्ही वायर ओढली नव्हती. बरी झालेली आई मला त्या दिवशी दिसू नये, एवढंच तुम्हाला जमवायचं होतं. आणि मी उभी राहून तीच सांगितली, जवळजवळ शब्दाला शब्द. शेवट बरोबर आहे हे त्या खोलीत तुम्हाला एकटीला कळलं होतं. तुम्ही मला थांबवू शकत नव्हता, आणि खरं सांगूही शकत नव्हता, कारण मामाला तसा शब्द दिला होता. नळ किती वेळ वाहत होता ते मला आता ऐकू येतं.

हे मी कुणाला वाचून दाखवणार नाही. सारंगखेड्याला तुमच्या घरात आता दुसरी माणसं आहेत, आणि तुम्हाला जाऊन बारा वर्षं झाली. हा कागद उशीच्या खोळीत राहील.

पण लिहायला बसले ते यासाठी नाही. तुम्ही आजारी होता तेव्हा तुमच्या भाचीचा फोन आला होता. "आत्या तुमनी आठवन काढी ऱ्हायनी. एकदा येई जा." मी सांगितलं, ऑफिसात रजा मिळत नाही. तिनं ते तुम्हाला सांगितलं, आणि तुम्ही म्हणालात म्हणे, राहू दे, नोकरी नवी आहे तिची. रजा मिळाली होती, मॅडम. दोन दिवसांची. ते दोन्ही दिवस मी टीव्हीपुढे एका मालिकेचे जुने भाग बघत बसले होते, एकापाठोपाठ एक. त्यातलं एकही माणूस आज मला आठवत नाही.