दुसऱ्या बशीतली आई

सोमवार, ३ एप्रिल
आईच्या पेशींची गोठवलेली शेवटची कुपी आज वितळवली! खुब्याच्या ऑपरेशनच्या वेळी स्नायूचा तुकडा प्रयोगाला दिला, तेव्हा म्हणाली होती, "घ्या की, तिथे नाहीतरी जास्तच आहे." तिला जाऊन वर्ष होत आलं. पेशी मात्र ठणठणीत.

पेशी वाढवायच्या काचेच्या दोन बश्या केल्या. एकीत रोज क जीवनसत्त्व, दुसरीत अजिबात नाही. पेशींना बांधून ठेवणारं कोलॅजन त्यामुळे किती वाढतं, ते बघायचं.

मंगळवार, ४
ईस्टरची सुट्टी. अख्खं मोंतेविदेओ समुद्रावर, आणि आम्ही इथे प्रयोगशाळेत! जीवनसत्त्व लगेच नासतं, रोज ताजं घालावं लागतं. मग काय, माझ्या आणि माझ्या जुन्या सहकाऱ्याच्या, वॉशिंग्टनच्या, पाळ्या. आज स्वारी आली बगलेत थर्मास, हातात माटेच्या कडू चहाचा भोपळा घेऊन. दारातच अडवला.
"पिणं बाहेर!"
"तुझी आई असती तर आधी जेवायला बसवलं असतं."
खरंय मेल्याचं.

गुरुवार, ६
दुसऱ्या बशीकडे बघवत नाही. वेडेपणा, दुसरं काय! पण तीही आईच ना?

सोमवार, १०
घात झाला. दोन्ही बश्यांत कोलॅजन सारखंच — भरपूर! आमच्या प्रमुख डॉक्टर मिर्ता म्हणाल्या, "शक्यच नाही. कुणीतरी दुसरीतही घातलंय." बघत होत्या माझ्याकडेच. शप्पथ, मी नाही घातलं! दोन्ही बश्या बाद. आणि कुपी आता एकही उरली नाही.

मंगळवार, ११
वॉशिंग्टनने कबूल केलं. कानापर्यंत लाल झाला होता.
"सुल्मा, तिनं मला कधी उपाशी जाऊ दिलं नाही गं. एक बशी जेवलेली, एक उपाशी... माझ्यानं नाही बघवलं."
इतकी वर्षं पेशी वाढवतोय हा गाढव! चांगला झापणार होते. उलट ब्लीचची बाटली काढून त्याच्या हातात दिली.

मग पेशी संपवायला दोघांनी मिळून बश्यांत ते ओतलं. आईला पुरलं तेव्हा मी रडले नव्हते. आज रडले — हातमोजे घातलेले, डोळेही पुसता येईनात. त्यानंच बाहीने पुसले.

शुक्रवार, १९ मे
नैतिकता समितीची परवानगी मिळाली. प्रयोग पुन्हा करायचा, म्हणून आज माझ्याच मांडीतून तुकडा काढला. वॉशिंग्टनने हात धरला होता. टाके पडले, डॉक्टर निघून गेल्या, तरी त्याने सोडला नाही.
मीही नाही.