बंद करायची परवानगी

मंगळवार, ४ जून
मोठा घोळ करून ठेवला मी. काल ऑफिसातून शेवटची निघाले आणि सवयीने मोठा कॉम्प्युटर बंद केला — तो सगळ्यांचा मिळून एकच. पडद्यावर आलं होतं, दुसरं कोणी लॉग-इन आहे, बंद केलंत तर त्यांचं काम जाईल. ते तर रोजच येतं! आमच्याकडे लॉग-आउट करतंय कोण? न वाचताच 'हो' दाबलं.

नेमकं काल त्यावर आमच्या ऑफिसातल्या नव्या नकाशेवालीचं काम चालू होतं. नव्या दवाखान्याच्या इमारतीची चित्रं रात्रभरात आपोआप तयार व्हायची होती. सकाळी गिऱ्हाईक आलं, चित्रं नाहीत, हात हलवत परत गेलं. साहेब तिच्यावरच घसरले. "साधं काम नीट लावून जाता येत नाही? अजून कायम व्हायचंय ना तुला?"

मी मध्येच म्हटलं, "वीज गेली असेल." मला कुणी विचारलंही नव्हतं.

बुधवार, ५ जून
डबा खाताना तिने हाक मारली. "ये गं, एकटी काय बसतेस?" 'काम आहे' म्हणून डबा तसाच बंद केला.

शुक्रवार, ७ जून
पुन्हा असा घोळ नको म्हणून साहेबांनी तो कॉम्प्युटर बंद करायची परवानगी सगळ्यांची काढून घेतली. आता कुणी बंद करायला गेलं की 'परवानगी नाही' असं येतं. परवानगी फक्त एकीला. मला! "जबाबदार माणूस हवा," म्हणे. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, तिनेसुद्धा. धरणीने पोटात घ्यावं असं झालं.

सोमवार, १० जून
दुपारी कायम झालेल्यांची यादी लागली. तिचं नाव नाही. "सहा महिने बघू," साहेब म्हणाले. ती नुसतं "बरं" म्हणाली आणि कामाला लागली.

घरी नवऱ्याला सगळं सांगितलं. "आता कशाला उकरून काढतेस?" म्हणाला. क्षणभर हायसं वाटलं मला. त्याचीच जास्त लाज वाटते आहे. शी.

मंगळवार, ११ जून
सांगून टाकलं. आधी साहेबांना, मग तिला.

ती म्हणाली, "माहीत आहे. रोज शेवटची तूच निघतेस. मी सांगितलं असतं तर साहेबांना बहाणा वाटला असता. म्हणून परवानगीसाठी तुझं नाव मीच सुचवलं. वाटलं, निदान तेव्हा तरी बोलशील."