सात नंबरची चौकट

३ तारीख, सोमवार
नोकरीचा पहिला दिवस आणि मी जाम खुश! डब्यांची झाकणं दाबणारा कारखाना. खाली बारा प्रेस मशीन, वर काचेच्या खोलीत भिंतीएवढा स्क्रीन, त्यावर बारा चौकटी. रोज सकाळी सातला प्रत्येक मशीनवरचा कॅमेरा तिथल्या जाळीचा फोटो काढतो. हात आत जाऊ नये म्हणून ती जाळी. ज्या मशीनचा फोटो दिसला तेच साहेब चालू करू देतात. एखादा दिसला नाही तर का दिसला नाही ते शोधणं माझं काम. शेजारचे चष्मेवाले आठ वर्षं हेच करताहेत. त्यांनी चहा पाजला, घाबरू नकोस म्हणाले. मी कशाला घाबरतेय! लग्नानंतर आडनाव बदललं ते बरंच झालं. गेल्या वर्षी सात नंबरवर गेली ती माझी सख्खी ताई, हे इथे कुणाच्या गावीही नाही.

५ तारीख, बुधवार
सातची चौकट रिकामी, कोपऱ्यात फाटक्या चित्राची खूण. एकेक तपासत गेले. फोटोचा पत्ता बरोबर, रकाना चित्राचाच, फोल्डरची परवानगी आहे, फाइलही मोठी नाही. मग प्रोग्राममध्ये खोल कुठेतरी बंद करून ठेवलेली एक ओळ सापडली: आजचा फोटो आला नाही तर शेवटचा चांगला फोटो दाखव. तारीख ताई गेली त्याच्या आदल्या आठवड्याची, खाली चष्मेवाल्यांचं नाव. विचारलं तर हसत म्हणाले, रिकाम्या चौकटीपायी काम अडायचं, साहेबांनीच सांगितलं होतं. म्हणजे त्या सकाळी जाळी आणि कॅमेरा दोन्ही दुरुस्तीला गेलेले, आणि स्क्रीनवर मात्र जाळी जागच्या जागी! माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. दोघांनाही सोडणार नाही. बोटातल्या ताईच्या अंगठीची शपथ.

६ तारीख, गुरुवार
आज सातच्या चौकटीत फोटो आला. आणि आजच कळलं, ते मशीन वर्षभर बंद आहे, कॅमेऱ्याची वायरसुद्धा काढलेली. मशीनच्या आतून वर बघत काढावा तसा फोटो. त्यात एक उजवा हात, मनगटावर पिवळ्या पट्ट्याचं घड्याळ. ते घड्याळ चष्मेवाल्यांचं आहे.

७ तारीख, शुक्रवार
सकाळी चष्मेवाले सातची वायर बघायला खाली गेले. बटण बंद होतं, सगळेच सांगतात. तरी मशीन खाली आलं. हात गेला. चौघांसमोर मी रडले, मग बाथरूमची कडी लावून पोटभर हसले. बरी अद्दल घडली! ताई, आता साहेब.

१२ तारीख, बुधवार
पाच दिवस चौकट रिकामीच. ताईला घाई नसेल, मला आहे. उद्या तपासणीचे पाहुणे येणार, सात नंबरमध्ये दोष नाही हे साहेब स्वतः चालवून दाखवणार म्हणे. दाखवा की! संध्याकाळी सगळे गेल्यावर मी जाळीचे बोल्ट काढले, जाळी मागे ठेवून दिली. वर येऊन ती जुनी ओळ परत चालू केली. चौकटीत जाळी दिसली. छान चकचकीत.

१३ तारीख, गुरुवार
साहेब बसलेच नाहीत. नव्यानेच लागलेल्या एका बाईंना बसवलं. त्यांना दोन लेकरं आहेत. मी जिन्यावरून धावत — लाल बटण दाबलं. बाही तेवढी अडकली. वाचल्या.
त्या दोघांनी केलं तेच मी केलं. अगदी तेच.

१४ तारीख, शुक्रवार
फोटो आला. साहेबांचा नाही. डावा हात, बोटावर शाईचा डाग, ताईची अंगठी.
मी डावखुरी आहे.
ओळ पुसून टाकली. फोटो जात नाही —

दुपार
ताई, तुझ्यासाठीच केलं गं — तिला ते दिसत नाही. ती फक्त हात बघते. जुना फोटो लावणारा हात —

हात गार पडलाय. वर खोलीत बसले होते मी. जिना कधी उतरले? समोर सात नंबर —

वही मशीनवर. मी लिहायचं थांबवलंय. हात थांबत नाही. बटण बंद आहे, मी स्वतः बघि —

ताई, अगं मी आहे, तुझी धाक