बोहारणीकडचा स्वेटर

३ नोव्हेंबर
विट्यात आले. सासर सोडताना एकच बॅग उचलली. बाकीचं नवऱ्याला आणि त्याच्या आईला लखलाभ. दाताच्या दवाखान्यात नोकरी, शालूबाईंच्या घरावर खोली, खिडकीत ऊन. आणखी काय हवं? शालूबाई एकट्याच असतात. मुलगा विश्वजित चेन्नईला गलाईच्या धंद्यात, सोनं गाळतो. सून पूजाही तिकडेच म्हणे. खोली देताना भावाचा नंबर लिहून घेतला आणि म्हणाल्या, सुनेसारखी राहा. सुनेसारखं राहून झालंय माझं, पण हसले.

७ नोव्हेंबर
थंडी पडली. बाजारात भामाबाई बोहारीण बसते. भांडी देऊन जुने कपडे घेते, धुऊन विकते. तिनंच शिकवलं: कापड उन्हात धरायचं, विरलेलं लगेच दिसतं. काखेचा वास घ्यायचा. शिवण दोन्हीकडून ओढून बघायची. तुटलं बटण चालेल, डाग नको. लोकर कोमट पाण्यातच धुवायची. "आन् कुणाचं हुतं ते इचारू नगं," म्हणाली. जांभळा स्वेटर घेतला, दोन कुडते घेतले. सगळं माझ्याच मापाचं.

१० नोव्हेंबर
स्वेटर बघून शालूबाईंनी त्यावरून हात फिरवला. मग जवळ बसवून गळ्यापर्यंत बटणं लावली, गरम भाकरी वाढली. पूजा म्हणून हाक मारली. सासरी मला 'ए' म्हणायचे, त्यापेक्षा बरं.

१४ नोव्हेंबर
दोरीवरचा माझा पिवळा ड्रेस गेला. आज चपला. शालूबाईंच्या ओट्यावर नवं पातेलं आहे. मी क्रांती, असं सांगितलं की त्यांना ऐकू येत नाही.

१७ नोव्हेंबर
भामाबाईच्या ढिगात माझा ड्रेस. गळ्याला मीच घातलेले टाके. शालूबाईनं दिला, म्हणाली. "वर ऱ्हाणारी पोरगी वारली म्हणं. लय वाईट झालं." स्वेटरही त्याच घरचा, दिवाळीआधी सून वारली, तवा दिलेला. मी म्हटलं, वर राहणारी मीच. तिनं माझ्याकडं बघितलं, स्वेटरकडं बघितलं, आणि ड्रेस ढिगाखाली सारला.

१८ नोव्हेंबर
सामान भरायला गेले, तर बॅगच नाही. कपाटात पूजाच्या साड्या. माहेरी, मेढ्याला, भावाला फोन लावला. शालूबाईंनी त्याला आधीच कळवलेलं — मी कुणाबरोबर पळून गेले. म्हणाला, आमच्या लेखी तू मेलीस. म्हणजे शालूबाई खोटं बोलल्या नाहीत.

१९ नोव्हेंबर
बाहेरून कडी. फोन दिसत नाही. दाराआडून सांगतात, विश्वजित येणार हाय, साडी नेस —

२० नोव्हेंबर
सकाळी गल्लीत भामाबाईची हाक. खिडकीतून ओरडले — मी क्रांती, जिवंत आहे — तिनं वर बघितलं. शालूबाई म्हणाल्या, विश्वजितची नवी बायको, डोक्यानं जरा अधू हाय. भामाबाईनं मान हलवली. माझी बॅग घेतली, डबा दिला.

जिन्यात पुरुषाची पावलं. शालूबाई त्याला सांगतायत, ही पहिलीपेक्षा शांत हाय —

कडी काढतायत —

माझं नाव क्रांती. क्रांती बाळासा—